पत्रात ओरडता येत नाही

तेतरटोली, १४ नोव्हेंबर

रोजालिया,

जोहार.

रविवारच्या पेपरात तुझा फोटो आलाय. चष्मा लागला वाटतं. आमच्या हिने, मोनिकाने, आधी ओळखलं. मी म्हटलं, "दुसरी कुणी सोरेंग असेल." तर म्हणते, "नाकावरचा राग बघा की. तुमच्याच मैदानात वाढलेला आहे."

'तरुण हॉकीपटूंसाठी चार गोष्टी' असं तू लिहिलं आहेस. मी दोनदा वाचलं. पटलं नाही म्हणून तिसऱ्यांदा वाचलं. भीती वाटली तर कुणाला तरी सांगा, म्हणे. अगं, सगळ्या पोरी भीती सांगत बसल्या तर बॉल कोण अडवणार? रोज आठ तास झोपा, म्हणे. आमच्या टोलीत आठ तास फक्त बैल झोपतो. आणि हॉकी सुटली तर पुढे काय, ते आत्ताच ठरवून ठेवा! लग्नाच्या मांडवात काडीमोडाची बोलणी कुणी करतं का?

चौथी गोष्ट, प्रशिक्षकांनी बोलण्याआधी ऐकायला शिकावं. हा दगड कुणाच्या अंगणात टाकलाय ते मला बरोबर कळलं. रांचीतल्या लोकांना नसेल कळलं.

मी अजून शिकवतो. एकसष्ट पूर्ण झाली. गुडघे गेले, आवाज शाबूत आहे. फौजेतून येताना आणलेली शिट्टीही तीच. चौदा पोरी आहेत. मैदान तेच, तळ्याकडच्या बाजूला अजून उतार आहे आणि बॉल अजून तळ्यातच जातो.

तू खेळाडूंच्या कुठल्याशा वसतिगृहात पोरींच्या मनाचं बघतेस असं पेपरात लिहिलंय. म्हणजे नक्की काय करतेस ते कळलं नाही. पण लेख बरा आहे. अक्षरं मोठी छापली आहेत. एवढंच कळवायचं होतं.

पात्रस बिलुंग

ता. क. एतवारी कुल्लू नावाची पोर आहे, बुधुवाची थोरली. चौदा वर्षांची, सेंटर हाफ. तू गेल्याला बारा वर्षं झाली, तेव्हापासून असे हात मी पाहिले नाहीत. फेब्रुवारीत सिमडेग्याला राज्याच्या वसतिगृहाची निवड चाचणी आहे. सरावात पोर सोनं आहे. पण चार माणसं बघायला उभी राहिली की हात गार पडतात. सामन्याच्या सकाळी उलट्या करते. मला जे येतं ते मी करतोय, म्हणजे ओरडतोय, आणि रोज थोडं जास्त बिघडतंय. ही पोर माझ्या हातून मोडेल अशी मला भीती वाटते. झालं, सांगितली भीती. आता पुढे काय करायचं ते तुझ्या लेखात नाही.


तेतरटोली, ३ डिसेंबर

रोजालिया,

तुझं पत्र मिळालं. गोठ्यात जाऊन वाचलं, कारण घरात मोनिका मानेवर उभी राहते.

माझ्यासाठी दोनच ओळी लिहिल्या आहेस. "मला फोन करू नका, पत्रच लिहा. पत्रात ओरडता येत नाही." बरं. मान्य. मी चुकून मोठी अक्षरं काढली तर ती चष्म्यामुळे काढली असं समज.

त्याखाली सात प्रश्न. एतवारी किती झोपते, काय खाऊन मैदानात येते, घरी कोण कोण आहे, हॉकी सोडून तिला काय आवडतं, शेवटची कधी हसली. पहिल्याच प्रश्नाला मी अडकलो. तीन वर्षं शिकवतोय तिला. वळताना तिचा डावा पाय अर्धं पाऊल मागे राहतो हे मी झोपेतही सांगीन. पण ती कशाला हसते? मला कुठे माहीत!

म्हणून विचारायला गेलो. सराव संपल्यावर तिला थांबवलं. तिला वाटलं, काढून टाकतोय. मी म्हटलं, "काही नाही गं, जरा बस." ती बसली. मी बसलो. आता पुढे काय बोलायचं? फौजेत हे शिकवत नाहीत. शेवटी मी तुझं पत्र खिशातून काढलं आणि पोलीस जबानी घेतो तसे एकेक प्रश्न वाचले.

ऐक. पहाटे साडेतीनला उठते. आई दोन वर्षांपूर्वी गेली, बुधुवा वीटभट्टीवर. धाकट्या दोघांचं रांधून, पाणी भरून साडेपाचला माझ्यापुढे उभी राहते. काय खाऊन? "काही नाही सर. खाल्लं तर बाहेर येतं." आणि मी तिला रोज काय म्हणतो माहीत आहे? "ए भातखाऊ, पाय उचल!" पोरीच्या पोटात भाताचं शीतसुद्धा नसतं.

शेवटची कधी हसलीस, असं विचारलं तर मान खाली. फार खोदल्यावर म्हणाली, "काल सर."

"कशाला?"

"मी नक्कल करते. सगळ्या हसतात. मीपण हसते."

"कुणाची नक्कल?"

माझ्या शिट्टीकडे बघायला लागली. मग कळलं. मी म्हटलं, "करून दाखव. शपथ, रागावणार नाही."

ती उठली. शिट्टी गळ्यात घातल्यासारखी छाती काढली, गुडघा वाकवला आणि सुरू झाली. "ए मेलेल्या मैने! पाय आहेत की खांब? तुझ्यापेक्षा माझी म्हातारी बकरी बरी पळते! रडतेस? रड! रडणाऱ्याला बॉल सापडत नाही, बॉलला रडणारा सापडतो!" अगदी माझाच आवाज. तो शेवटी फाटतो तोही तसाच. मी आधी हसलो. खरंच हसलो. आणि मग हसू आपोआप बंद झालं, कारण ती थांबेना. तीन वर्षांतलं सगळं पोरीला पाठ होतं, रोजालिया. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

घरी येऊन मोनिकाला सांगितलं. ती म्हणाली, "मग? मला चाळीस वर्षांचं पाठ आहे."

तू सात प्रश्न पाठवले नसतेस तर हे मला मरेपर्यंत कळलं नसतं. तुझे उपकार मानावेत की तुझ्यावर चिडावं हे ठरत नाहीये. सध्या उपकार मानतो.

पात्रस


तेतरटोली, २४ डिसेंबर

रोजालिया,

तू सांगितलंस तसं केलं, आणि कुरकुर करत केलं, हेही सांगतो.

सराव साडेसहाला आणला. मोनिका सकाळी एतवारीच्या घरचं पाणी भरायला आमच्या भाच्याला पाठवते. पोर आता सहा तास झोपते. आठ नाही, सहा. बैलाचा विक्रम अजून मोडायचाय. सरावाआधी मूठभर चुरमुरे आणि गूळ, सगळ्यांनाच, म्हणजे एकटीला लाज नको.

पोट ढवळायला लागलं की पळायचं नाही, दहा वेळा लांब श्वास सोडायचा, हे तू लिहिलंस ते मी तिला वाचून दाखवलं. "भीतीला हाकलू नकोस, ती जात नाही. तिला बाकावर बसव आणि आपण खेळायला जा." हे पोरीला फार आवडलं. आता सामन्याआधी बाकाकडे बोट दाखवून म्हणते, "बस गं तिथे, उठू नकोस!" बाकीच्या पोरीपण आपापली भीती आणून बसवतात. बाक भरून गेलाय. मला बसायला जागा नाही.

मागच्या रविवारी पलीकडच्या लचडाटोलीशी खस्सीचा सामना होता, जिंकेल त्याला बोकड. हरलो. बोकड त्यांच्या दारात गेलं. दोन-एक. दुसरा गोल एतवारीच्या चुकीने. सामना संपल्यावर पोरींचं खाऊन होईपर्यंत चुकीबद्दल एक शब्द बोलायचा नाही, असं तू बजावलं होतंस. मला माझी खात्री नव्हती. म्हणून शिट्टी वाजली तशी मी तोंडात भाजलेले चणे कोंबले. गाल फुगवून उभा. लोक विचारतायत, "मास्टर, दात दुखतो का?" मी मान हलवतोय. मोनिका तिकडे पोट धरून हसतेय.

आणि काय झालं सांगू? अर्ध्या तासाने एतवारी स्वतः आली. "सर, मी डावीकडे बघितलंच नाही. पोरगी डावीकडून आली." मी तीन वर्षं घसा फोडून जे सांगतोय ते तिने आपणहून सांगितलं. मी चणे गिळले आणि म्हटलं, "हो. डावीकडून आली." बास. एवढंच बोललो. रात्री मला झोप आली नाही, इतकं बरं वाटलं.

हॉकी सुटली तर काय करशील, हेही विचारलं. मला अपशकुनी वाटत होतं, पण विचारलं. पोर एका क्षणात म्हणाली, "रेल्वेत तिकीट तपासनीस! काळा कोट घालून मोठमोठ्या माणसांना म्हणायचं, चल, तिकीट दाखव!" आणि तशी चालून दाखवली. खेळाच्या कोट्यातून नोकरी मिळाली तर ठीक, नाही तर परीक्षा देईन, म्हणते. त्यासाठी निदान दहावी हवी. ती तर शाळेतून नाव काढायला निघाली होती, हॉकीसाठी. आणि काढ म्हणून मीच सांगितलं होतं. आता शनिवारी सराव बंद, गणिताची शिकवणी. गणित शिकवायला मास्तर आहेत, मी नाही, घाबरू नकोस.

उद्या नाताळ. टोलीत सकाळपासून बोकडं ओरडतायत. त्यामुळे ते लिहितोच, जे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं.

तू राष्ट्रीय ज्युनियर शिबिराला गेलीस तेव्हा संघ ठरलाही नव्हता. चाळीस पोरींमधली तू एक होतीस. पण मला दम निघाला का? मी घरोघरी फिरलो, खस्सी आणलं, चर्चसमोर कापलं, मांदर वाजवले. "आपली पोर परदेशात खेळणार!" अख्ख्या टोलीने तुझ्या नावाचं मटण खाल्लं, आणि तू अजून तिकडे पहिली चाचणीसुद्धा दिली नव्हतीस. आणि दीड महिन्याने तू शिबीर सोडून परत आलीस, तेव्हा त्याच चर्चसमोर, रविवारी, सगळ्यांदेखत मी तुला म्हणालो, "आलीस? मग आता आमचं बोकड परत दे."

लोक हसले. मीच हसवले. सतरा वर्षांची होतीस तू.

आणि तू दिलंस परत. टोली सोडून गेलीस, आणि आठ-नऊ महिन्यांनी एका सकाळी दार उघडलं तर दारात काळं बोकड बांधलेलं, कपाळावर पांढरा ठिपका. तू रातोरात आलीस, आईलाही न भेटता गेलीस. त्यानंतर टोलीत तुझं पाऊल नाही.

ते बोकड मी कापलं नाही. विकलंही नाही. नऊ वर्षं जगलं ते आणि म्हातारं होऊन मेलं. मोनिका रोज त्याला पाला घालायची आणि माझ्याकडे बघायची.

हे वाचून उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. एतवारीचं मात्र विचारत राहीन, ते तिच्यासाठी.

नाताळच्या शुभेच्छा.

पात्रस


तेतरटोली, २० जानेवारी

रोजालिया,

उत्तर दिलंस. मला वाटलं नव्हतं.

ते बोकड तू दिल्लीत लोकांची भांडी घासून आणलंस, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बराच वेळ विहिरीवर जाऊन बसलो. तुझं ते एक वाक्य मी मोनिकाला वाचून दाखवलं नाही. अजून नाही.

तू पुढे लिहिलंस की त्याच घरातल्या बाईंनी तुला बारावीला बसवलं, आणि मग तू मनाचा अभ्यास केलास, कारण शिबिरात तुला काय झालं होतं ते तुला समजून घ्यायचं होतं. त्या बाईंचं भलं होवो. जे मी करायला हवं होतं ते त्यांनी केलं, आणि त्यांना हॉकीतलं ओ की ठो कळत नसेल.

आता तुझा प्रश्न. "शिबिरातून मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. ते मिळालं होतं का?"

बारा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की पत्र-बित्र काही आलं नाही. चर्चच्या पाळकांनी विचारलं होतं, त्यांनाही तेच सांगितलं.

मिळालं होतं. गुरुवार होता. अंतर्देशीय पत्र, निळं. तू लिहिलं होतंस, "सर, मला इथे झोप येत नाही. जेवण उतरत नाही. काठी हातात घेतली की हात माझे नसतात. मी वेडी होईन असं वाटतं. तुम्ही आलात तर बरं होईल. आला नाहीत तरी चालेल, पण आईला सांगा की मी आजारी आहे, म्हणजे मी परत आले तर ती घाबरणार नाही."

पाठ आहे मला. पत्र फौजेतल्या ट्रंकेत आहे, कपड्यांच्या तळाशी.

मी का आलो नाही? तुला खोटं कारण सांगणार नाही. बोकड खाऊन झालं होतं, रोजालिया. सगळ्या तालुक्यात सांगून झालं होतं की पात्रस मास्टरची पोर परदेशी चालली. मला वाटलं, चार दिवसांत ठीक होईल. मला वाटलं, लाडावलेली आहे. आणि खरं म्हणजे मला वाटलं, ही परत आली तर माझं काय?

त्या संध्याकाळी तुझी आई हातपंपावर भेटली. म्हणाली, "मास्टर, पोरीचं काही कळलं का?"

मी म्हटलं, "मजेत आहे."

तू आजारी पडून परत आलीस आणि तुझ्या आईला वाटलं, तू शिबीर टाकून आलीस. सगळ्या टोलीला तेच वाटलं. ते खरं नाही हे फक्त मला माहीत होतं. आणि मी बोकड परत मागितलं.

माफी मागायला तोंड नाही. तरी मागतो.

पात्रस


तेतरटोली, १२ फेब्रुवारी

रोजालिया,

तीन आठवडे तुझं पत्र नाही. बरोबरच आहे.

आज पाकीट आलं. आत एकच घडी घातलेला कागद, वर "एतवारी कुल्लूसाठी". माझ्यासाठी काही नाही. तेही बरोबर.

मी कागद उघडला नाही. पोस्टमनसारखा नेऊन दिला. तिने तळ्याकाठी जाऊन वाचला, आली, आणि नडगीच्या पॅडच्या पट्ट्यात खोचून ठेवला. काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. ऐकायला शिकतोय ना, त्यात न विचारणंही येतं, असं मोनिका म्हणते.

परवा चाचणी. सकाळच्या बसने आम्ही दोघं जातो. टोलीत मी बजावून ठेवलंय की कुणी काही करायचं नाही. ढोल नाही, हार नाही. बुधुवा "हो हो" म्हणाला. त्याच्या "हो हो"चा मला भरवसा नाही.

माझ्यावर राग ठेव. पण पोरीला लिहिलंस, त्याबद्दल तुझे आभार कसे मानू तेच कळत नाही.

पात्रस


तेतरटोली, १६ फेब्रुवारी

रोजालिया,

हे पत्र लांबेल. लांबू दे.

सिमडेग्याला पोचलो. ते निळ्या कृत्रिम गवताचं मैदान, कडेला खुर्च्या, खुर्च्यांत टोप्या घातलेली निवड करणारी माणसं. दोनशे पोरी. एतवारी भिंतीमागे गेली आणि ओकली. परत आली तर ओठ पांढरे. म्हणाली, "सर, मला नाही जमणार."

पूर्वीचा मी असतो तर काय म्हटलं असतं ते तुला वेगळं सांगायला नको. जिभेवर आलंसुद्धा. गिळलं. चणे नव्हते, तसंच गिळलं. मी म्हटलं, "बरं. मग परत जाऊ. अकराची बस आहे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "खरंच?"

"खरंच. तिकीट मी काढतो. वाटेत गरम तळलेला धुस्का खाऊ."

"आणि टोलीत काय सांगायचं?"

"ते माझ्याकडे लागलं."

ती पायरीवर बसली. मीही बसलो. बराच वेळ ती श्वास सोडत होती, मी मोजत होतो, दहाच्या पुढे गेलो, तीस झाले. मग उठली. पट्ट्यातून तुझा कागद काढला, वाचला, परत खोचला. खुर्च्यांच्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "बस गं तिथे." आणि मैदानात गेली.

रोजालिया, परत जाता येतं हे कळल्यावर पोर काय खेळली! पहिली पाच-सात मिनिटं चाचपडली. मग तिने डावीकडे बघितलं. अगं, डावीकडे बघितलं! एक चेंडू तिने तिघींच्या मधून असा काढून दिला की टोपीवाला एकजण उभा राहिला. मी ओरडलो, पण ते आनंदाने, ते चालतं असं मी धरून चालतो.

चारला यादी लागली. चोवीस नावं. तिचं नाही.

मी यादी चारदा वाचली. तिने एकदाच वाचली. म्हणाली, "नाही सर." आणि रडली. मी तिला रड म्हटलं नाही, रडू नको म्हटलं नाही. शेजारी उभा राहिलो. रडून झाल्यावर म्हणाली, "धुस्का म्हणाला होतात." सहा खाल्ले तिने. सहा! आणि पोटात राहिले.

बसमध्ये मी विचारलं, "तुझ्या दीदीने काय लिहिलंय, सांगण्यासारखं असेल तर सांग." ती म्हणाली, "दीदीने लिहिलंय की जमलं नाही तर परत ये. मास्टर ओरडणार नाहीत, मी त्यांची हमी घेते. ओरडले तर मला कळव, मी येऊन बघते त्यांच्याकडे."

तू माझी हमी घेतलीस. माझ्या त्या पत्रानंतर. मी खिडकीबाहेर तोंड केलं. पोर म्हणाली, "सर, धूळ जातेय ना डोळ्यात?" मी म्हटलं, "हो."

आणि आपल्या थांब्यावर उतरतो तर काय! अख्खी टोली. मांदर, नगारा, हार, आणि बुधुवाच्या हातात दोरी, दोरीला बोकड. कुणीतरी फोनवर सांगितलं म्हणे की पोर छान खेळली. एवढ्यावरच! यादीची वाट कोण बघतो? आमची टोली ती.

एतवारी बसच्या पायरीवरच थिजली. माझा हात घट्ट धरला.

मी आधी उतरलो. म्हटलं, "यादीत नाव नाही."

नगारा थांबला. बुधुवाने पोरीकडे बघितलं, बोकडाकडे बघितलं. कुणीतरी मागून म्हणालं, "मग हे कशाला आणायला लावलं?" हसू यायच्या बेतात होतं, रोजालिया. मला ते हसू ओळखीचं आहे. मीच शिकवलंय त्यांना.

मी तिथेच, थांब्यावर, सगळ्यांना सांगितलं. की बारा वर्षांपूर्वी आपण एका पोरीच्या नावाने असंच आधी खाल्लं होतं. ती शिबीर टाकून आली नव्हती, आजारी पडली होती. तिने मला पत्र लिहून कळवलं होतं, आणि ते पत्र मी दाबून ठेवलं. तिच्या आईला खोटं सांगितलं. वर सगळ्यांदेखत तिला बोकड मागितलं आणि तुम्हाला हसवलं. ती भित्री नव्हती. भित्रा मी होतो. "तेव्हा आज हसायचं असेल तर मला हसा," म्हटलं. आवाज शेवटी फाटला, पण सगळं बोललो.

कुणी हसलं नाही. बुधुवा नुसता दोरी धरून उभा. मांदरवाली पोरं एकमेकांकडे बघतायत.

तेव्हा मोनिका पुढे आली. म्हणाली, "ढोल आणलेत ना? मग वाजवा की! पोरगी घरी आली आहे. एवढं पुरत नाही का तुम्हाला?"

एका पोराने भीत भीत मांदरावर थाप मारली. मग दुसऱ्याने. बायकांनी एतवारीला ओढून रांगेत घेतलं, हातात हात गुंफले. पोर आधी रडवेली, मग पावलं टाकायला लागली, आणि तासाभराने पाहतो तर मधोमध उभी राहून माझी नक्कल करतेय, अख्खी टोली लोळतेय. मी पण. नवीन भर घातलीय तिने, गाल फुगवून चणे खाणारा मास्टर. आज सकाळी साडेसहाला मैदानावर पहिली तीच हजर होती. पुढच्या वर्षी परत चाचणी देणार, आणि गणितात पास होणार, असं दोन्ही एका दमात सांगितलं.

तुझी आई त्या गर्दीत होती. मी बोलत होतो तेव्हा तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. नाच सुरू झाला तशी ती बाजूला झाली आणि थांब्यामागच्या मोरीच्या कठड्यावर एकटी जाऊन बसली. मी जवळ गेलो. बारा वर्षांत ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मला वाटलं, आता थुंकेल माझ्यावर. थुंकली असती तरी चाललं असतं.

ती नाचणाऱ्या पोरीकडे बघत होती. मग म्हणाली, "माझीपण घरीच आली होती, मास्टर."

मी कठड्यावर तिच्या शेजारी टेकलो.

ती म्हणाली, "तुम्ही बोललात ते बोललात. पण मी आई होते. मी तिथेच उभी होते, आणि मी तिचा हात धरून तिला घरात नेलं नाही. मला पण लाजच वाटली तिची. फोनवर ती 'जेवलीस का' विचारते, मी 'जेवले' म्हणते, पुढे तिलाही सुचत नाही, मलाही सुचत नाही. मला लिहिता येत नाही. तुम्ही लिहिता ना तिला? मग हे पण लिहा."

मी लिहिलं. एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही.

पात्रस